टाउनोच्या ट्रॅक्टरला हीटर

मंगळवारी पहाटे साडेपाचला एलमी रिंताला स्वयंपाकघरात कॉफी करत होती, पण तिचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता. मागच्या शेडमध्ये तिचा नवरा टाउनो ट्रॅक्टरला सेल्फ मारत होता. पहिला सेल्फ लांब आणि दमदार वाजला. दुसरा जरा जड. तिसऱ्याला इंजिन नुसतंच कण्हलं. शेड चाळीस पावलांवर होती, तरी आत काय चाललंय ते तिला इथून कळत होतं. आता तो चावी अर्ध्यावर धरून मनात आकडे मोजत असेल, इंजिनाच्या आतले प्लग तापायची वाट बघत. मग पुन्हा सेल्फ. चौथ्या वेळी बॅटरीचाच आवाज बसला.

बाहेर शून्याखाली बावीस होतं आणि रात्रीतून गुडघाभर बर्फ पडला होता.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला थोरला नव्हे. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात पुढे बर्फ उडवणारा ब्लोअर जोडायचा, असा बागेतला बुटका डिझेल ट्रॅक्टर. पण तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर मागे उरलेल्या त्या वस्तीत नोव्हेंबरात बसलेला बर्फ एप्रिलपर्यंत उठत नसे. तिथे त्या बुटक्याच्या जिवावर दोन घरांची वाट उघडी राहायची. एक रिंतालांची आणि दुसरी समोरच्या टेकाडावर एकटी राहणाऱ्या लेम्पी कोस्केलाची. लेम्पी त्र्याऐंशी वर्षांची होती. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी सहाला तिला डायलिसिसला नेणारी व्हॅन यायची. रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत शंभर पावलांचा चढ होता. तो चढ टाउनो सहाच्या आत साफ करायचा. चार हिवाळे त्यानं एकही दिवस चुकवला नव्हता.

सहाला पाच कमी असताना रस्त्यावर व्हॅनचे दिवे दिसले. शेडमधून आवाज येणं थांबलं होतं.

एलमीनं बूट चढवले, टाउनो सरपण ओढायला वापरायचा ती प्लास्टिकची लांब घसरगाडी ओसरीतून उचलली आणि रस्ता ओलांडून चढ चढायला लागली. व्हॅनवाला रॉडनी हातात फावडं घेऊन अर्ध्यापर्यंत आला होता, पण एका फावड्यानं ते होणारं नव्हतं. दोघांनी मिळून लेम्पीला तीन घोंगड्यांत गुंडाळलं आणि घसरगाडीवर बसवलं.

"घरातली लाकडं संपली वाटतं तुझ्या," लेम्पी घोंगडीतून म्हणाली. "म्हणून मला न्यायला आलीस?"

"ओलं लाकूड आहेस तू. धूर होईल नुसता," एलमी म्हणाली.

लेम्पी हसली, पण उतारावर गाडी वाकडी झाली तेव्हा तिनं एलमीची बाही घट्ट धरली. तो हात चिमणीच्या पायासारखा हलका होता.

तिला व्हॅनमध्ये बसवून दार लावल्यावर रॉडनी एलमीला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, आज केलं मी. पण आमच्या ऑफिसात कळलं तर माझी धडगत नाही. वाट मोकळी नसेल तर पेशंटला बर्फातून आणायचं नाही, परत फिरायचं, असा नियमच आहे. आणि दोनदा परत फिरलं की ते तिच्या मुलीला कळवतात."

पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. लेम्पीची मुलगी दूर अॅरिझोनाच्या वाळवंटात राहायची आणि आईला तिकडच्या वृद्धाश्रमात न्यायला दोन वर्षं टपून बसली होती. आणि लेम्पी म्हणायची, मला वाळूत पुरलंत तर मी वर येईन.

तेवढ्यात शेडमधून फाटकन आवाज झाला.

एलमी धावत सुटली, म्हणजे त्या बर्फात सत्तरीच्या बाईला जेवढं धावता येतं तेवढी. शेडमध्ये काळा धूर भरला होता आणि ट्रॅक्टर खोकत खोकत चालू झाला होता. टाउनो त्याच्या शेजारी उभा होता. हातात, गार इंजिन पेटावं म्हणून मारायच्या इथरच्या फवाऱ्याचा डबा. उजवी भुवई अर्धी जळून कुरळी झाली होती.

"तापलेल्या प्लगवर इथर मारलंस?" एलमी ओरडली. "एकतीस वर्षं रस्ते खात्याचा बर्फ लोटायचा प्लाऊ चालवलास, आणि आज हे?"

"झाला ना चालू," तो म्हणाला.

"लेम्पी गेली. घसरगाडीवर बसून गेली."

तो डबा ठेवून वळला. ट्रॅक्टरवर चढला, शेडमधून बाहेर काढला आणि रस्ता ओलांडून लेम्पीच्या चढाला भिडला. लेम्पी आता दुपारपर्यंत परतायची नव्हती, घाई कसलीच नव्हती. तरी त्यानं सगळा चढ साफ केला. कडा फूटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ काढल्या, वर दारापाशी गाडी वळवायला जागाही केली. एलमी खिडकीतून बघत राहिली. तिला राग आला होता, पण तो धड धरूनही ठेवता येईना.

आत आल्यावर त्यानं कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला. एलमी हल्ली कप अर्धाच भरायची. हात थरथरायला लागून तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी तो म्हणाला थंडी. दुसऱ्या वर्षी म्हणाला वय. गेल्या वर्षी डॉक्टरांनी दुसऱ्याच आजाराचं नाव सांगितलं, मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाकडे जायला चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली तशीच होती.

"इंजिन गरम करायचा हीटर बसवू या," एलमी म्हणाली. "इंजिनात फिरणारं कूलंटचं पाणी गरम करणारा असतो ना? प्लाऊच्या गाड्यांना असायचा तो?"

"नको."

"का नको?"

"यंत्राला शेकत बसवायचं नसतं. सवय लागते."

"मग रात्री पायाशी गरम पाण्याची बाटली कोण मागतं?"

"मी यंत्र नाही," टाउनो म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून त्याच्यामागे गेला. वर्तमानपत्राची कड हलत राहिली.

दुपारी तो आडवा झाल्यावर एलमीनं गाडी काढली. बावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. रस्त्यावरच्या बर्फाचं तिला कधी भय वाटलं नाही. भय वाटलं ते सुट्या भागांच्या दुकानात शिरताना. तिथे तिला आपण परीक्षेला बसलोय असं वाटायचं. गल्ल्यामागे गॉर्डी होता. दुकानाइतकाच जुना.

तिनं ट्रॅक्टरचं नाव सांगितलं, किती घोड्यांचं इंजिन ते सांगितलं आणि हीटर मागितला.

गॉर्डीनं चष्मा कपाळावर ढकलला. "अजून एक? पहिला जळला काय?"

"पहिला कुठला?"

"टाउनोनं नेला होता की. रेडिएटरच्या खालच्या नळीत बसतो तो. दोन वर्षं झाली असतील. मीच मापं बघून दिला." मग एलमीचा चेहरा बघून त्याला कळलं की आपण बोलायला नको होतं. "नाही म्हणजे, दुसऱ्या कुणासाठी नेला असेल," तो म्हणाला आणि उगाचच गल्ला पुसायला लागला.

एलमी रिकाम्या हातानं परत आली. घरात न जाता सरळ शेडमध्ये गेली. शोधायला फार वेळ लागला नाही. बावीस वर्षं तिनं पोरांच्या पाठपिशव्यांतून बेडूक नि फटाके शोधून काढले होते. रंगाच्या डब्यांमागे, जुन्या रगाखाली खोका होता. आत मुठीएवढा ॲल्युमिनियमचा हीटर, दोन्ही टोकांना तोंडं, मधून वायर निघालेली. नवा कोरा. पण सोबतच्या, नळीवर आवळायच्या दोन पोलादी क्लिपा नव्या नव्हत्या. त्यांच्या स्क्रूंच्या खाचा पार झिजून चपट झाल्या होत्या. नुसत्या सैल करतानाच स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घसरला की होतात तशा.

तिनं ट्रॅक्टरची बाजूची पत्र्याची झाकणं काढून खाली वाकून पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीवर एका जागी काळी टेप गुंडाळलेली होती. टेप उकलली तर खाली चाकूचे चरे. तीन, चार. सगळे वाकडे. एकही आरपार गेला नव्हता.

एलमी बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मग तिनं टेप होती तशी गुंडाळली, खोका कोटाखाली घेतला आणि घरात आली. टाउनो उठून टेबलाशी बसला होता. तिनं खोका त्याच्यासमोर ठेवला, शेजारी वेलदोड्याच्या पावाची बशी ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

त्यानं खोक्याकडे बघितलं. पावाकडे बघितलं.

"कुठं मिळाला?"

"रंगाच्या डब्यांमागे."

"शोधत होतीस?"

"गॉर्डी म्हणाला, तू नेलायस."

"गॉर्डीच्या तोंडाला एकदा वेल्डिंग मारायला पाहिजे."

एलमीनं बशी त्याच्याकडे सरकवली. बस चालवताना ती एक गोष्ट शिकली होती. आरशातून नुसतं बघत राहायचं, पोर आपणहून बोलतं.

"तीनदा बसलो हा लावायला," टाउनो शेवटी म्हणाला. "पहिल्यांदा डिसेंबरात. वाटलं, थंडीनं हात ऐकत नाहीत. मग मार्चमध्ये बसलो. तेव्हाही जमेना. म्हटलं ऊन पडू दे." त्यानं खोका स्वतःकडे ओढला. "मग मे महिन्यात बसलो. शेडचं दार उघडं टाकून, अंगात नुसता बनियन. मे महिन्यात काय कारण सांगणार?"

"मला का नाही हाक मारलीस?"

"तू काय म्हणाली असतीस?"

एलमीनं विचार केला आणि खरं ते सांगितलं. "सरक, मी करते, असं म्हणाले असते."

"तेच," तो म्हणाला.

एलमीला ते लागलं. गेली दोन वर्षं ती त्याच्या कोटाची बटणं लावत होती, कप अर्धा भरत होती, सूपऐवजी सारण भरलेली पॅस्टी करत होती, कारण पॅस्टी हातात धरून खाता येते. त्याला कळत नसेल असं तिला वाटायचं. त्याला प्रत्येक बटण कळत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग असं करू. हात माझे. डोकं तुझं. तू सांगशील तेवढंच करीन. माझ्या मनानं एक स्क्रू फिरवणार नाही."

"तू? माझ्या मनानं वागणार?" तो हसला. त्या दिवसातलं पहिलंच. "सत्तेचाळीस वर्षं झाली लग्नाला."

"एक दिवस जमेल. बघ तरी करून."

बुधवारी सकाळी दोघं शेडमध्ये गेले. टाउनो उलट्या बादलीवर बसला, एलमी गोणपाटावर आडवी झाली. रेडिएटरखालची तोटी उघडली तसं हिरवं कूलंट जुन्या तसराळ्यात पडायला लागलं.

"मांजर बाहेर काढ आधी," टाउनो म्हणाला. "गोड असतं ते. चाटलं तर मरेल."

मांजर बाहेर गेलं. मग बॅटरीच्या तारा सुटल्या. मग नळी कापायची वेळ आली. त्यानं खडूनं दोन खुणा करायला हात पुढे केला. पहिली रेघ नागमोडी आली. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि दुसरी रेघ काढली. तीही तशीच.

"वळणांच्या मधोमध धरून दोन्हीकडे काप," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "अंदाज बरोबर आहे."

"दिसतंय मला," एलमी म्हणाली आणि कापलं. अंदाज खरोखरच बरोबर होता. मधला दोन बोटं रुंदीचा तुकडा काढल्यावर हीटर चपखल बसला.

"आता डावीकडची क्लिप आवळ. डावीकडची! तुझी डावी नाही, इंजिनाची डावी."

"इंजिनाला डावं-उजवं असतं हे कुठल्या शाळेत शिकवतात?"

"सीटवर बसल्यावर जी डावी ती डावी. बसवालीला एवढं कळू नये?"

"बसला पुढचं नि मागचं एवढंच असतं. मागची कार्टी दंगा करतात, पुढची रडतात."

दुसऱ्या क्लिपा तिनं घरातूनच शोधून आणल्या होत्या, वॉशिंग मशीनच्या जुन्या नळीच्या. आत हात जेमतेम जात होता. बोटांची सालं निघाली. एकदा टाउनोनं न राहवून तिच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि स्वतः वाकला. टोक खाचेत जाईना. गेलं, निसटलं, पुन्हा गेलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली पडून घरंगळत भिंतीशी गेला. एलमीच्या ओठांवर 'सरक' आला होता. तिनं तो गिळला. भिंतीशी जाऊन स्क्रू-ड्रायव्हर उचलून आणला आणि त्याच्या हातात परत दिला.

त्यानं तो थोडा वेळ धरला. मग तिला दिला. "अजून अर्धा वेढा पाहिजे," तो म्हणाला. "जास्त नको. रबर कापेल."

दुपारपर्यंत नवं कूलंट भरून झालं. निम्मं पाणी, निम्मं ते गोठू नये म्हणून घालायचं औषध. टाउनो लघवीला म्हणून घरात गेला, तेवढ्यात एलमीला दिसलं की नळी खाली लोंबतेय आणि पंख्याच्या पट्ट्याजवळून जातेय. घासणार, तिला वाटलं. तिनं एक पट्टी घेऊन नळी वर उचलून छान घट्ट बांधली. अगदी नीटनेटकी. तो आल्यावर सांगायचं ती विसरली. निदान त्या वेळी तरी तिनं स्वतःला तसंच सांगितलं.

हीटरची वायर जाड एक्स्टेन्शनला जोडून बटण दाबलं आणि दोघं घरात जाऊन जेवले. दोन तासांनी येऊन एलमीनं इंजिनावर तळवा ठेवला. बर्फासारखं गार. हीटरला मात्र हात लावला तर चटका बसला आणि आतून किटली उकळायला लागल्यासारखा सूं आवाज येत होता.

"वायर काढ! आधी वायर काढ!" टाउनो दारातूनच ओरडला.

तिनं वायर उपटली. "खराब निघाला," ती म्हणाली. उद्या गुरुवार होता. "दोन वर्षं पडून राहिला, खराब निघाला. आता दुकान बंद व्हायच्या आत..."

"थांब. घाई नको करू."

तो गुडघ्यांवर खाली बसला. त्याला बराच वेळ लागला. मग झाकणातून हात आत घालून नळीवर हळूहळू पुढे सरकवत गेला. हात थरथरत होता, पण बोटं वाचत होती. एकतीस वर्षं त्यांनी इंजिनंच वाचली होती.

"इथपर्यंत गरम," तो म्हणाला. "इथे अजून गरम. आणि इथून पुढे गार." त्याचा हात थांबला. "इथे उंटाची मदार कुणी केलीय?"

एलमीनं हातातली वायर गुंडाळायला घेतली.

"एलमी."

"घासेल असं वाटलं मला," ती म्हणाली. "पट्ट्याला. म्हणून वर बांधली. माझ्या मनानं एक स्क्रू फिरवला मी."

आता तो चिडेल असं तिला वाटलं. चिडायचा हक्कही होता. पण तो तिथेच जमिनीवर बसून म्हणाला, "ये इकडे. हात दे." तिचा हात धरून त्यानं नळीवर ठेवला. "हीटरमध्ये पंप नसतो. गरम पाणी आपलं आपण वर चढतं, इंजिनात जातं, गार पाणी मागून खाली येतं. बस्स, एवढंच त्याचं तंत्र. तू मध्ये डोंगर केलास. डोंगराच्या माथ्यावर हवा अडकली. पाणी पुढे जाणार कसं? ते आहे तिथेच उकळत बसलं. अजून तासभर असतं तर हीटर जळून गेला असता."

"घासणार नाही ना पण?"

"दोन बोटं अंतर आहे. मी मोजलं होतं."

त्यांनी पट्टी सोडली, नळी उताराला लागेल अशी फिरवली. मग ट्रॅक्टरची पुढची चाकं फळ्यांवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच होईल. झाकण उघडून एलमी टॉर्च धरून आत बघत बसली आणि टाउनोनं खाली नळी मुठीत धरली. दाबली, सोडली, दाबली. वर काहीच येईना.

"हवा चिकटून बसलीय," तो म्हणाला आणि नळी नुसतीच धरून राहिला, दम खायला. त्याचा हात नेहमीसारखा हलत होता. बारीक, एका लयीत, न थांबता. त्याच्याबरोबर नळीही हलत होती.

रेडिएटरच्या तोंडाशी एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग बारीक बुडबुड्यांची माळच लागली.

"टाउनो! येतायत!"

"काय येतायत? मी तर दाबतही नाहीये."

"नको दाबूस. तसाच धर. तसाच!"

त्याला कळलं तेव्हा त्यानं आपल्या हाताकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. तो एवढा हसला की तोल जाऊन ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला. एलमीही हसायला लागली, टॉर्च हलायला लागला, काही दिसेना. "डॉक्टरला सांग," तो डोळे पुसत म्हणाला. "म्हणावं, गोळ्या देऊ नका एवढ्यात. अजून दोन ट्रॅक्टर व्हायचेत."

शेवटी मोठा एक बुडबुडा ढेकर दिल्यासारखा वर आला आणि पाण्याची पातळी तीन बोटं खाली गेली. एलमीनं वरून कूलंट ओतलं. हीटर पुन्हा लावला. तासाभरात इंजिन आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट झालं होतं.

गुरुवारी सकाळी शून्याखाली एकोणतीस होतं. खिडकीच्या काचा आतून गोठल्या होत्या. नाताळच्या दिव्यांना लावायचा टायमर टाउनोनं हीटरला लावून ठेवला होता, त्यानं आपलं काम केलं होतं. दोघं टोप्या चढवून शेडमध्ये गेले. टाउनोनं वायर काढून गुंडाळली, चावी अर्ध्यावर आणून मोजलं आणि सेल्फ मारला. इंजिनानं एकच आवंढा गिळला आणि सुरू झालं. धूरही फारसा नाही.

तो सीटजवळ उभा राहून ऐकत होता. एलमीला वाटलं, आता चढेल. तो चढला नाही.

"ब्लोअरचं तोंड फिरवायची मूठ बारीक आहे," तो म्हणाला. "गेल्या शनिवारी ती निसटली आणि सगळा बर्फ लेम्पीच्या खिडकीवर गेला होता. तुला सांगितलं नाही मी." त्यानं सीटवरचा बर्फ हातमोज्यानं झाडला. "चढ."

"मी?"

"साठ पोरं घेऊन घाट चढायचीस. हा काय, गवत कापायचा ट्रॅक्टर."

अकरा वर्षांत त्या सीटवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. एलमी बसली. सीट तिला लांब पडत होती, पाय पेडलला नीट पोचत नव्हता. टाउनोनं खालचा खटका ओढून सीट पुढे सरकवली. मग तो टॉर्च घेऊन पुढे चालायला लागला. कडेला रोवलेल्या काठ्यांवर उजेड टाकत, हातानं खुणा करत. सावकाश. डावीकडे. आता तोंड उजवीकडे फिरव. तो तिच्याकडे तोंड करून उभा होता; तिनं त्याच्या उजवीकडे फिरवलं, आणि बर्फाचा अख्खा फवारा टाउनोच्या अंगावर पडला. तो पांढराफटक होऊन उभा राहिला. टॉर्च तेवढा पेटलेला.

"माझी उजवी नाही," तो तोंडातला बर्फ थुंकत ओरडला. "इंजिनाची उजवी!"

वर खिडकीत लेम्पी कोट-टोपी घालून तयार बसली होती. तिनं हे सगळं बघितलं आणि काचेवर टकटक करून टाळ्या वाजवल्याचं सोंग केलं.

व्हॅन सहाला आली आणि थेट दारापर्यंत चढली. कडा काही आखल्यासारख्या नव्हत्या, एका ठिकाणी तर एलमीनं पत्रपेटीचा खांब तिरका केला होता. रॉडनी खाली उतरून म्हणाला, "वाट कुणी काढली? दारू पिऊन काढली का?"

"माझ्या बायकोनं काढली," टाउनो म्हणाला. "आणि नीट बोलायचं."

तो हिवाळा असाच गेला. लेम्पीचा चढ एलमी काढायची, टाउनो पुढे चालायचा. स्वतःच्या दारातला बर्फ मात्र तो रविवारी दिवसाउजेडी, घाई नसताना, स्वतःच काढायचा. तेव्हा एलमी खिडकीशी जायची नाही. फेब्रुवारीत त्यानं फ्रिजवरची चिठ्ठी काढून तज्ज्ञाची वेळ घेतली. गोळ्यांनी थोडा फरक पडला, फार नाही. सूप मात्र पुन्हा सुरू झालं. सांडलं तर सांडलं, असं दोघांनी ठरवलं. लेम्पीनं तो हिवाळा आणि पुढचाही आपल्याच घरात काढला.

पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी फोन वाजला. टाउनोनं उचलला. गॉर्डीनं नंबर दिलेला कुणीतरी अनोळखी माणूस होता. त्यानंही तसलाच हीटर नेला होता आणि त्याला माहिती हवी होती. एलमी भांडी घासत होती. तिनं नळ बारीक केला.

टाउनो सगळं सविस्तर सांगत होता. मांजर बाहेर काढ. नळीला उतार ठेव. मध्ये डोंगर करू नकोस. पुढची चाकं उचल. पलीकडच्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण त्यानं मान वळवून एलमीकडे बघितलं.

"होतं म्हणतात एकट्यानं," तो म्हणाला. "पण नको करूस. मी दोन वर्षं घालवली त्यात. घरात कोण आहे तुझ्या?"